नुसती भाषणबाजी नव्हती

वर एकांनी लिहिलंय की कोविडकाळात खासदारांच्या आंतरराष्ट्रीय संघटना नुसती भाषणबाजी करत होत्या. मला नाही पटत. जिनिव्हाच्या आंतरसंसदीय संघटनेने, म्हणजे देशोदेशीच्या संसदांच्या संघटनेने, तेव्हा कुठल्या देशाची संसद कशी चालली आहे याची देशवार माहिती जमवून सगळ्यांपुढे ठेवली, आणि ती फार मोलाची होती. कारण देशादेशांत फरक केवढा होता बघा: ब्राझीलमध्ये मार्च २०२० मध्येच खासदारांचं दूरस्थ मतदान सुरू झालं. ब्रिटनमध्ये एप्रिलमध्ये सभागृहात जेमतेम ५० सदस्य आणि १२० पर्यंत व्हिडिओवरून पडद्यावर, तिथूनच मंत्र्यांना प्रश्न विचारत होते. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये खासदार गॅलऱ्यांत विखरून बसले, पण प्रश्नोत्तराचा तासच रद्द! ऐन साथीत मंत्र्याला उभं करून उपप्रश्न विचारायची सोय गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

लशींच्या पेटंटचंही तेच. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत पेटंटच्या नियमांतून सूट मागितली, म्हणजे इतरांनाही लशी बनवता याव्यात. युरोपीय आयोग, म्हणजे युरोपीय संघाचं सरकारच म्हणा, राजी नव्हता, तरी जून २०२१ मध्ये युरोपीय संसदेने ३५५ विरुद्ध २६३ मतांनी सूट द्या म्हणून ठराव केला. तो बंधनकारक नव्हता, मान्य. पण आपल्याच आयोगाच्या विरोधात जाऊन परक्या देशांतल्या माणसांसाठी मतं पडली, ती मी तरी भाषणबाजीत धरणार नाही.