तिसरीत ५२ वजा २७ चं उत्तर ३५ का येतं?

प्रश्न (वर्गशिक्षिका, तिसरी)
मुलं आठ-साडेआठ वर्षांची, पट ३८. ५२ – २७ उभी मांडणी करून दिली की निम्मी मुलं ३५ लिहितात. त्यातल्याच काहींना "बावन्न रुपयांतले सत्तावीस खर्च झाले, किती उरले?" असं तोंडी विचारलं की पंचवीस सांगतात. 'एकोणचाळीस' सांगितलं की ४९ लिहिणारीही चार-पाच आहेत. हे वयामुळे होतं, की आधीच्या वर्गात काही राहून गेलंय? आणि अध्ययन अक्षमतेची शंका कधी घ्यायची?

उत्तर १ (गणित मार्गदर्शक)
ताई, ३५ हे उत्तर अंदाजाने आलेलं नाही. एककाच्या घरात ७ आणि २, मोठ्यातून लहान गेले, ५ उरले. दशकात ५ मधून २ गेले, ३ उरले. मूल नियमानेच चाललंय, नियम चुकीचा आहे. पहिलीत "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं" असं सांगितलेलं असतं, ते मूल एकेका घराला लावतं.

साधारण ७ ते ११ या वयाला बालमानसशास्त्रज्ञ पियाजेने मूर्त क्रियात्मक अवस्था म्हटलंय. मूल तर्क करतं, पण वस्तू हाताळता आल्या तर. चिंचोक्यांची ओळ पसरली तरी चिंचोके तेवढेच, हे सहा-सात वर्षांपर्यंत कळतं. मातीचा गोळा चपटा केला तरी माती तेवढीच, हे सात-आठला. वजनही तेवढंच, हे नऊ-दहाच्या सुमारास. मुलामुलांत वर्षभराचा फरक सहज असतो. हातच्याच्या वजाबाकीत नेमकं हेच लागतं: दशक सुटा केला तरी संख्या तीच राहते.

दोन-दोन मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला ५२ काड्या द्या, दहा-दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या. "मला २७ दे" म्हणा. दोन गठ्ठे येतील, दोन सुट्या येतील आणि मूल अडेल. तिथे थांबा, गठ्ठा तुम्ही सोडू नका. त्याने सोडला की लगेच विचारा, "आता तुझ्याकडच्या आणि दिलेल्या मिळून काड्या किती?" जो "बावन्नच!" म्हणतो तो मांडणीला तयार आहे. जो पहिल्यापासून मोजायला बसतो, त्याला आणखी चार दिवस काड्याच द्या. मग एकाने गठ्ठा सोडायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने पाटीवर ५ खोडून ४, आणि २ च्या जागी १२ लिहायचं. काड्या आधी आणि पाटी नंतर असं केलंत तर दोन्ही वेगवेगळे खेळ होतात.

"शेजारच्याकडून उसना घे" हे मात्र बंद करा. उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं, म्हणून काही मुलं शेवटी दशकात १ मिळवून ठेवतात. "दशक सुटा कर" म्हणा. दहाची नाणी काड्यांनंतर आणा, कारण नाणं सुटत नाही, ते मोडून घ्यावं लागतं, आणि ती पुढची पायरी आहे.

उत्तर २ (भाषा व गणित शिक्षक)
एकोणचाळीसचा दोष मुलाचा कमी, संख्यानामाचा जास्त. कानावर 'चाळीस' पडतं म्हणून ४ आणि 'नऊवाली संख्या' आठवते म्हणून ९. १९ ते ८९ अशा आठ संख्या पुढच्या दशकाच्या नावाने येतात, फक्त ९९ ला नव्याण्णव. संख्यापट्टीवर बोट ४० वर, एक घर मागे, मग नाव. रोज पाच मिनिटं, दोन आठवडे.

२७ लिहितानाही हात पाहा. 'सत्तावीस' ऐकून आधी ७ आणि मग त्याच्या डावीकडे २ लिहिणारा मुलगा वहीत बरोबर दिसतो, पण उद्या घाईत ७२ लिहील. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण अशा मुलांना 'वीस सात, सत्तावीस' असं जोडीने म्हणवून घेणं खरंच उपयोगी पडतं.

उत्तर ३ (विशेष शिक्षिका)
शंका घेण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरून उतरवताना चुकतं पण वहीतून नाही, तर आधी चष्म्याचं पाहा. सहा आठवडे काड्यांवर नियमित काम करूनही ४८ मोठे की ८४ हे सांगता येत नसेल, चार ठिपके पाहताक्षणी 'चार' येत नसेल, ५ + ३ ला दर वेळी एकपासून बोटं मोजावी लागत असतील, तर तपासणीला पाठवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. नुसतं ३५ येतं म्हणून मात्र पाठवू नका.

आणि कृपा करून ३५ वर लाल फुली नको. याच वयात मुलं शेजारच्याच्या वहीत डोकावून स्वतःला मापतात आणि 'मला गणित येत नाही' हे पक्कं करून टाकतात. "हे कसं आलं, सांग" एवढं विचारा. सांगता सांगता बरीचशी स्वतःच थांबतात.

वर्गशिक्षिका
१९ जोड्यांना ९८८ काड्या लागतील, एवढ्या कुठून आणू?

उत्तर १
निम्म्या वर्गाला काड्या, निम्म्याला लेखन. मग ५२० पुरतात. खराट्याच्या काड्यांचे बोटभर तुकडे करा, टोकं घासून घ्या. रबर दोनच वेढे द्या. घट्ट बसलं तर मुलं गठ्ठा सोडायचा टाळतात आणि मोजून दिल्यासारखं करतात.