'मांदारा'ला मराठीत 'मंडल' म्हणावे का?

प्रश्न

जपानी चित्रांवरच्या काही लेखांचा अनुवाद करते आहे. 'मिया मांदारा' आणि 'सांकेइ मांदारा' हे दोन शब्द त्यांत सारखे येतात. आपला 'मंडल' चीनमार्गे जपानला गेला आणि 'मांदारा' झाला, म्हणून मी बिनदिक्कत 'मंडल' लिहीत गेले. मग चित्रे समोर घेऊन बसले आणि हात थांबला. त्यांत वर्तुळ नाही, चौकटींची मांडणी नाही. डोंगर आहे, दाट झाडी, देवळांची छपरे, वर चढत जाणारी वाट आणि वाटेवर हरणे. याला 'मंडल' म्हटले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येईल?

उत्तर

तुम्ही थांबलात ते बरे केलेत. शब्द आपल्याकडून गेला म्हणून तो आहे तसा परत घेता येतोच असे नाही. वाटेत त्याचा अर्थ पालटलेला असतो.

भिक्षू कूकाई 806 मध्ये चीनहून परतला तेव्हा त्याने आणलेली मांदारा खरोखर मंडलेच होती. गर्भधातू आणि वज्रधातू अशी त्यांची जोडी; बुद्ध-बोधिसत्त्वांची जागच्या जागी बसवलेली सभा. तिथे 'मंडल' चपखल बसतो. पुढे मात्र जपानी लोकांनी हाच शब्द एखाद्या खऱ्याखुऱ्या जागेच्या चित्राला लावला. तर्क असा की देवांची सभा त्या डोंगरावरच भरलेली आहे, तेव्हा डोंगर काढला की मांदारा झाला. मला हा अर्थविस्तार फार मोठा वाटतो. आकृती गेली आणि तिच्या जागी भूगोल आला.

तुम्ही वर्णन केलेले चित्र बहुधा नारामधल्या कासुगा देवस्थानाचे असावे. मागे मिकासा डोंगर, पुढे देवळे. कासुगाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे, म्हणून हरणे. अनेक चित्रांत वरच्या बाजूला गोलांमध्ये बुद्धमूर्ती दिसतात. देव हे बुद्ध-बोधिसत्त्वांचेच अवतार, ही त्या काळची धारणा. कासुगा हे फुजिवारा घराण्याचे उजिगामी. इथे मात्र आपला 'कुलदैवत' शब्द जराही न ओढता बसतो. त्याच कुळातल्या कुजो कानेझानेच्या रोजनिशीत 1184 सालची नोंद आहे की, त्याने क्योतोतच कासुगाच्या चित्रापुढे पूजा केली. नाराला जाणे झाले नाही तरी चित्रापुढे बसून दर्शन घडत होते. देवाची नव्हे, देवाच्या जागेची तसबीर पुजायची, ही कल्पना शब्दात उतरायला हवी.

शिवाय आजच्या मराठी कानाला 'मंडल' म्हणजे एकतर नक्षी, नाहीतर गणेशोत्सवाचे मंडळ. म्हणून माझी सूचना: मिया मांदारासाठी ('मिया' म्हणजे देवस्थान) 'क्षेत्रपट'. घडवलेला शब्द आहे, पण 'श्रीक्षेत्र' आपल्या तोंडी आहे आणि 'पट' म्हणजे कापडावरचे चित्र हेही रुळलेले आहे. पहिल्या उल्लेखात जपानी नाव द्या, पुढे क्षेत्रपट.

पुन्हा प्रश्न

क्षेत्रपट आवडला. पण सांकेइ मांदाराचे काय? 'सांकेइ' म्हणजे दर्शनाला जाणे. 'वारी' म्हणू का?

उत्तर

वारी नको. वारीत ठरलेल्या तिथीला पुन्हा पुन्हा जाणे आहे. कुमानो या डोंगराळ तीर्थक्षेत्राला चौतीस वेळा गेलेल्या निवृत्त सम्राट गो-शिराकावाबद्दल बोलत असाल तर वारी शोभेल. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे पट मात्र पहिल्यांदाच येऊ पाहणाऱ्या साध्या माणसांसाठी होते. तेव्हा 'यात्रापट' म्हणा.

नाचीचा (नाची हे कुमानोतलेच एक देवस्थान) यात्रापट बारकाईने पाहा. उजवीकडे वर धबधबा (प्रत्यक्षात 133 मीटर उंच, आणि तोच देव), खाली समुद्र. पांढऱ्या कपड्यांतले एक जोडपे चित्रात वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा भेटते. त्यांच्या मागोमाग आपणही यात्रा करायची. खाली किनाऱ्याशी एक होडी आहे, तोरी (जपानी देवस्थानापुढची कमान) उभ्या केलेली. तिच्यातून भिक्षू कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, 'फुदाराकु'ला निघाले आहेत. हा 'फुदाराकु' म्हणजे संस्कृत 'पोतलक', अवलोकितेश्वराचे निवासस्थान. परतीची आशा न ठेवता निघालेली ती होडी पाहून माझ्या पोटात दर वेळी कालवते.

आणि 'तोरी'चे 'तोरण' करू नका, हात जोडून सांगतो. सांचीचे तोरण आठवून मोह होतो, पण मराठी घरात तोरण म्हणजे दारावरची आंब्याची पाने. तोरी तोरीच राहू द्या.

आणखी एक उत्तर

एक भर घालते. हे पट नुसते टांगलेले नसत. कुमानोच्या भिक्षुणी ते घड्या घालून गावोगावी नेत, लोकांपुढे उलगडत, काठीने एकेक जागा दाखवत कथा सांगत आणि देवळांसाठी दान गोळा करत. या सांगण्याला 'एतोकि' म्हणतात, शब्दशः 'चित्र उलगडणे'. त्याचे भाषांतर 'चित्रवर्णन' असे कोरडे करू नका. माझे माहेर कुडाळचे. जवळच पिंगुळीला ठाकर मंडळी चित्रांची पोथी पुढ्यात ठेवून वीणा-हुडुकाच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्याने लावतात, ते चित्रकथी. त्यांची चित्रे कथेची, कुमानोची जागेची. पण चित्र दाखवून सांगायचे हे काम तेच. एतोकिला 'चित्रकथन' म्हणा.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्राखालची ओळ आता अशी केली आहे: 'नाचीचा यात्रापट (सांकेइ मांदारा). भिक्षुणी तो उलगडून चित्रकथन करीत.' 'मंडल' फक्त कूकाईच्या परिच्छेदात ठेवला.