मदत हवी आहे: पाळकसाहेबांना रजा द्यायची आहे, रविवार कोण सांभाळणार?

रखवालदार: आमच्या चर्चचे पाळकसाहेब उपदेश करताना मध्येच थांबतात, पुढचं सुचत नाही. लागोपाठ तिसरा रविवार. चिडचिडही वाढलीय. कमिटी महिनाभर रजा द्यायला तयार आहे, पण बदली माणूस मिळत नाही. शनिवारच्या आत हवंय. प्रवचन नको, उपाय सांगा.

मिठाची बाहुली: मंडळी कुठली? सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, स्वतंत्र? उपासना किती?

रखवालदार: सीएनआय, ९० घरं. सकाळी ८ ला ऐरोली, ११ ला खारघर. हे काय वेगळं सांगायचं?

मिठाची बाहुली: सांगायलाच हवं होतं. प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, दीक्षा झालेला पाळक (प्रेस्बिटर) असेल तोच देणार, पण वचनाची उपासना, म्हणजे बायबल वाचन आणि उपदेश, मंडळीतले अनुभवी लोक चालवू शकतात. म्हणजे महिन्यातला प्रभुभोजनाचा एक रविवार शेजारच्या पाळकांकडे मागा, बाकीचे आपसात वाटून घ्या. बिशपांना लेखी कळवा, तोंडी नको.

जुना टॉवर: कॉर्डलेस माईकचे सेल तपासा. आवाज गेला की बोलणारा थांबतोच.

वेलांटी: रजेत ते पार्सनेजमध्येच, म्हणजे चर्चने दिलेल्या घरातच राहणार असतील तर ती रजाच नव्हे, बेल वाजत राहील. गावी पाठवा. मंडळीचे फोन कमिटीतल्या एकाकडे वळवा. आणि मयत झाली तर कोण जाणार ते नाव आधीच लिहून ठेवा. रजेवरचा पाळक बहुतेकदा तेवढ्यासाठीच परत बोलावला जातो.

तलावपाळी: आमच्या कॅथलिकांत चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन ५३३ आहे. पॅरिशच्या फादरना वर्षाला एक महिन्यापर्यंत सुट्टी, रिट्रीटचे (एकांतातल्या प्रार्थनेचे) दिवस त्यात धरत नाहीत.

वेलांटी: कागदावर. शिवाय विचारलंय सीएनआयबद्दल.

दाणेदार: बायबलमधलं निर्गम १८ वाचा. सासरे इथ्रोने मोशेला दहा-दहांवरही नायक नेमायला सांगितले. घरभेटी वाटून द्या. पण आधी कमिटी आणि पाळक, सगळ्यांनी तीन दिवस उपास धरावा.

सुईदोरा: उपासाचं थांबवा! साहेबांना शुगर आहे का? थांबतात तेव्हा घाम येतो?

रखवालदार: आहे. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. घाम येतो, हातही थरथरतात. रविवारी उपासनेआधी काही खात नाहीत. पण प्रश्न रजेचा आहे.

सुईदोरा: गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणजे साखर उतरत असणार. ग्लुकोमीटर वेदीजवळ ठेवा. थांबले की लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर पाण्यात तीन चमचे साखर, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. गिळता येत नसेल, भान हरपलं असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. रविवारची वेळ डॉक्टरांना सांगून डोस ठरवून घ्या. चिडचिड याचीही असू शकते.

दाणेदार: म्हणजे उपास वाईट?

सुईदोरा: या गोळीवर, डॉक्टरांना न विचारता, हो.

वेलांटी: साखर ठीक निघाली तरी झोप उडालीय का, कशात मन लागत नाही का, विचारा. दोन आठवड्यांहून जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. नुसती रजा पुरणार नाही. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात, मोफत. आणि रखवालदार, ठिकाणं खोडा, लोक ओळखतील.

जुना टॉवर: ट्रान्स-हार्बर लोकलवर मेगाब्लॉक असला तर ८ आणि ११ तसंही जमत नाही.

रखवालदार: ग्लुकोमीटर आणतो. ठिकाणं खोडता येत नाहीत, संपादनाची वेळ संपली. पण ११ ला खारघरला कोण जाणार, ते अजून कोणी सांगितलं नाही.