मदत हवी आहे: कामोओआलेवाची कक्षा तक्त्यावर कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,

आमच्या खगोल मंडळात पृथ्वीच्या सोबत्यांवर बोलायचंय. समोर आठवी-नववीची मुलं आणि त्यांचे पालक असतील. मी कामोओआलेवा (२०१६ एचओ३) हा लघुग्रह निवडलाय. २७ एप्रिल २०१६ रोजी हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला तो सापडला. आकार ४० ते १०० मीटर, आणि स्वतःभोवतीची फेरी जेमतेम २८ मिनिटांत!

गाडी अडलीय ती कक्षेपाशी. तो सूर्याभोवती फिरतो, वर्षही जवळजवळ आपल्याएवढंच. मग तो पृथ्वीभोवती, तेही उलटा फिरताना का दिसतो? तक्त्यावर सूर्य मधोमध ठेवून दोन्ही कक्षा काढल्या, तर नुसती एकमेकींना छेदणारी दोन वर्तुळं दिसतात. पृथ्वीभोवतीचं कडं त्यातून कुणालाच कळणार नाही.

आणखी दोन शंका. २०२४ मध्ये "दुसरा चंद्र" म्हणून बातम्या आल्या होत्या तो हाच का? आणि मंडळाच्या आठ इंची दुर्बिणीतून मुलांना हा दाखवता येईल का?

प्रतिसाद

ताई, आधी सोपं उरकतो. २०२४ चा पाहुणा वेगळा, २०२४ पीटी५. तो साधारण १० मीटरचा, अर्जुन गटातला, म्हणजे पृथ्वीसारख्याच कक्षेत फिरणाऱ्या लघुग्रहांपैकी (हो, महाभारतातलाच अर्जुन). २९ सप्टेंबर ते २५ नोव्हेंबर एवढाच काळ पृथ्वीच्या ताब्यात होता, पूर्ण फेरीही मारली नाही. चॅनेलवाल्यांनी मात्र पार चंद्रोदय करून टाकला होता.

दुर्बिणीचं विसरा. कामोओआलेवा एप्रिलमध्ये सर्वांत तेजस्वी असतो तेव्हाही त्याची प्रत (तेजस्वितेचं माप; आकडा मोठा तितकं अंधुक) २३.५ च्या आसपास. आठ इंचीतून १४ व्या प्रतीपर्यंत गेलात तरी खूप झालं.

आता कक्षा. सूर्य तक्त्यावरून काढून टाका, पृथ्वी मधोमध ठेवा. या लघुग्रहाची कक्षा थोडी लांबट आहे, विकेंद्रता (लांबटपणाचं माप; वर्तुळाला शून्य) ०.१. त्यामुळे वर्षातून एकदा तो पृथ्वीच्या कक्षेच्या आत सुमारे दीड कोटी किमी येतो, सहा महिन्यांनी तेवढाच बाहेर जातो. आत असला की वेग जास्त, म्हणून पृथ्वीच्या पुढे निघतो. बाहेर असला की रेंगाळतो आणि मागे पडतो. हे पुढे-मागे होणं प्रत्येकी तीन कोटी किमी. चारही टोकं जोडा: पृथ्वीभोवती लंबवर्तुळ तयार! सूर्याच्या बाजूला पुढे आणि पलीकडे मागे जातो, म्हणून फेरी उलटी दिसते.

प्रमाण १ सेंमी = २० लाख किमी धरा. कडं १५ बाय ३० सेंमीचं होईल. चंद्राची कक्षा त्याच प्रमाणात काढलीत तर मधोमध जेमतेम मसुरीच्या दाण्याएवढी! ती आवर्जून काढा, तासभराच्या व्याख्यानाचं काम तेवढं चित्र करेल. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा अंमल साधारण १५ लाख किमीपर्यंत, म्हणजे तक्त्यावर पाऊण सेंमी. कामोओआलेवा त्याच्या कितीतरी बाहेर. म्हणून तो चंद्र नव्हे, आभासी उपग्रह.

धागाकर्ती

दादा, आत्ताच वर्तमानपत्राच्या कागदावर काढून पाहिलं. चंद्राचा दाणा बघून घरातले सगळे जमले! पण पृथ्वीचा अंमल तिथवर पोचत नसेल तर तो सोबत का राहतो? दरवर्षी थोडा थोडा सरकून निघून जायला हवा.

प्रतिसाद

सरकतो की. त्याचं वर्ष नेमकं आपल्याइतकं नाही, त्यामुळे अख्खं कडं पुढे किंवा मागे सरकत असतं. समजा पुढे सरकलं. मग कड्याची मागची बाजू पृथ्वीच्या जवळ येते आणि तिथून जाताना पृथ्वी त्याला पुढे ओढते. गंमत अशी की पुढे ओढलं की कक्षा किंचित मोठी होते, वर्ष लांबतं, आणि कडं पुन्हा मागे येऊ लागतं. मागे सरकलं तर याच्या उलट. ताब्यात ठेवायला हा ओढा पुरत नाही, पण फार लांब जाऊ न द्यायला पुरतो. सुमारे शंभर वर्षांपासून हे चाललंय, आणखी काही शतकं चालेल.

पालकांसाठी चीनचं त्यानवेन-२ यान ठेवा. मे २०२५ मध्ये निघालं, याच दगडाचे नमुने २०२७ च्या अखेरीस पृथ्वीवर आणायचा बेत आहे. २०२१ मध्ये कामोओआलेवाचा वर्णपट (त्याच्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या रंगांची नोंद) चंद्रावरच्या सिलिकेट खडकांशी जुळताना दिसला होता. चंद्राच्या जोर्दानो ब्रूनो या २२ किमीच्या विवरातून तो उडाला असावा, असाही एक तर्क आहे. तर्कच म्हणा, मुलांना पक्कं सांगू नका.

आणि तक्त्यावर कडं सपाट दिसेल, पण कक्षा ७.८ अंशांनी कललेली आहे. जमलं तर जाड तारेचं कडं करून तिरकं बसवा: याच प्रमाणात एक बाजू १० सेंमी वर, समोरची तेवढीच खाली.