बीम-कॉलम जॉइंटमध्ये रिंगा नाही टाकल्या तर चालतं का?

पाटणवाला:
पाटणजवळ घराचं काम चालूय, तळमजला आणि वर एक. सेंट्रिंग झाली, आता बीमचं स्टील बांधतायत. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा बीमच्या तळाशी येऊन थांबल्यात, जॉइंटात एकपण नाही. ड्रॉइंगमध्ये दाखवल्यात. फिटर म्हणतो तिथं सळ्यांची गर्दी, रिंग जातच नाही, आणि चारी बाजूनं बीम असल्यावर काँक्रीट कुठं पळून जाणार. रविवारी स्लॅब आहे. भांडू का सोडून देऊ?

साईटवरचा_कराडकर:
भांडा. तुमचा कोयनेचा पट्टा भूकंपाच्या मोठ्या धोक्याचा आहे राव. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात पडली ती बहुतेक दगडमातीची घरं, त्यामुळं आपल्याकडं लोकांना वाटतं आरसीसी केलं की झालं. भूकंपात इमारत झुलते तेव्हा जॉइंटच्या एका अंगाला बीमची वरची सळई ताणली जाते आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगाला खालची, मधलं काँक्रीट तिरकं ओढलं जातं, पुढच्या झोक्याला उलटं, म्हणून तिथं फुलीसारख्या भेगा पडतात, आणि जॉइंट फुटला की कॉलम गेलाच समजा. आयएस १३९२० म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाचा भारतीय कोड, त्याप्रमाणं कॉलमच्या टोकाच्या दाट रिंगा तशाच जॉइंटातून न्यायच्या, अंतर १०० एमएमच्या वर नको. चारी बाजूनं बीम आणि प्रत्येकाची रुंदी कॉलमच्या पाऊणपट तरी असेल तर १५० पर्यंत सूट आहे, पण एकपण नको असं कुठंच नाही. कोपऱ्याच्या कॉलमला तर दोनच बीम, तिथं काय सांगणार तुमचा फिटर?

मिरजेचा_फिटर:
रिंग जात नाही हे खोटं नाही हो, पण चूक क्रमाची आहे. बीमचा पिंजरा वर टेकूवर असतानाच खालच्या सळ्या टाकायच्या, मग जॉइंटाच्या रिंगा कॉलमच्या डोक्यावरून ओवायच्या, मग वरच्या सळ्या, आणि सगळं एकदम खाली सोडायचं. बांधून झाल्यावर बंद रिंग कुठनं घालणार? आता वरच्या सळ्या सोडवाव्या लागतील, दुसरा मार्ग नाही. हूकपण बघा, १३५ डिग्रीत आत वळलेला पाहिजे आणि ८ एमएमच्या रिंगेला शेपूट ६५ एमएम, आमच्यातले बरेचजण ९० वरच सोडतात, सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर उडालं की ती रिंग उघडते.

साईटवरचा_कराडकर:
बरोबर. आणि बीमच्या सळ्यांचा जोड जॉइंटात येऊ देऊ नका. गर्दीच्या जागी बारीक खडी वापरायची का ते डिझायनरला विचारा, व्हायब्रेटरची सुई आत जाते का ते आधीच घालून बघा.

पाटणवाला:
इंजिनिअर साहेबांना उद्या सकाळीच बोलावलंय. आमचा फिटर म्हणतो सोडवायचं तर जादा रोज लागेल.

मिरजेचा_फिटर:
ड्रॉइंगमध्ये होतं ना? मग कसला जादा रोज.