आवाज येतोय पण वेव्हफॉर्म नाही, नुसती सरळ रेघ

अर्धवट_एडिटर:
मंडळी मदत करा. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ घरच्याच लॅपटॉपवर जोडतोय, ८ जीबी रॅम, एडिटर फुकटवाला. शूटिंग तिघांच्या मोबाईलवर. माझ्या क्लिपांचा वेव्हफॉर्म (आवाजाच्या चढउताराची ती नक्षी) झकास दिसतो, मामाच्या २० मिनिटांच्या क्लिपला अर्ध्यापर्यंत आहे आणि पुढे कोरं, आणि आजी बोलतेय ती क्लिप तर अख्खी सपाट. प्ले केलं की आवाज मात्र येतो. गुरुजींचे मंत्र कुठे संपतात नि आजी कुठे सुरू होते ते बघून कापायचं होतं, आता कानाने शोधत बसलोय. सॉफ्टवेअर दोनदा काढून परत टाकलं, ढिम्म फरक नाही. आत्या रोज विचारतेय झालं का म्हणून.

कट_पेस्ट_काका:
ट्रॅकची उंची वाढवून बघितलीस का? ट्रॅक बारीक असेल तर बरेच एडिटर वेव्हफॉर्म काढतच नाहीत. आणि टाइमलाईनच्या सेटिंगमध्ये वेव्हफॉर्म दाखवा असं बटण असतं तेही बघ.

अर्धवट_एडिटर:
काका ते केलं हो. बटण बंद असतं तर माझ्या क्लिपांचाही दिसला नसता ना.

रेंडर_होतंय:
मामाच्या क्लिपचं सांगते. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने (मोजमापं) असतात, म्हणजे २० मिनिटांचे ५ कोटी ७६ लाख, तेवढे दरवेळी मोजून चित्र काढणं परवडत नाही म्हणून सॉफ्टवेअर एकदाच सगळं वाचून छोटी फाईल (कॅशे) करून ठेवतं आणि नंतर त्यावरूनच रेघोट्या मारतं. ते काम चालू असताना प्रोग्रॅम बंद केला किंवा हँग झाला तर ती फाईल अर्धी राहू शकते. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी कॅशे बऱ्याचदा तसाच राहतो म्हणून तुला फरक पडला नाही. एडिटर बंद कर, कॅशे रिकामा कर, परत उघड आणि चहा करून ये, मध्ये क्लिक करत बसू नकोस. फक्त कॅशेच हं, ऑटोसेव्हच्या फोल्डरला हात लावू नकोस, मी एकदा लावलाय.

डेसिबल_भाऊ:
आजीच्या क्लिपचा आजार वेगळा वाटतोय. प्ले करताना आवाजाचा मीटर कुठपर्यंत जातो सांग.

अर्धवट_एडिटर:
ताई मामाची क्लिप जमली!! पूर्ण दिसतेय. आजीची अजून सपाटच. मीटर उणे ३४ च्या वर काही जात नाही, फोन हॉलच्या पार मागे होता, मी हेडफोन फुल करून ऐकतोय.

डेसिबल_भाऊ:
मग वेव्हफॉर्म आहे रे, तुला दिसत नाहीये एवढंच. उणे ३४ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) म्हणजे पूर्ण आवाजाच्या साधारण ५० वा भाग. ट्रॅक ६० पिक्सेल उंच धरला तर मधल्या रेघेच्या वर ३० नि खाली ३०, त्याचा पन्नासावा भाग म्हणजे एक पिक्सेलही भरत नाही, मग रेघच दिसणार. आवाज २० डीबी वाढव, दसपट होतो, म्हणजे सहा पिक्सेल, कापायला पुरे. पण काही एडिटरमध्ये क्लिपचा व्हॉल्यूम वाढवला तरी चित्र मूळ फाईलचंच राहतं. तसं असेल तर ऑडासिटी या आवाजाच्या फुकट एडिटरमध्ये आवाज काढून घे (व्हिडिओ फाईल थेट उघडायला एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर लागेल), तिथे वाढवून ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाईल कर आणि व्हिडिओखाली लाव. २० मिनिटांचे स्टिरिओत २३० एमबी वगैरे होतील, होऊ देत. पंख्याची घरघरही तेवढीच वाढेल, त्याला इलाज नाही, आजींच्या बोलण्याच्या मधल्या जागांचा आवाज कमी करत जा.

कट_पेस्ट_काका:
आणि मोबाईलचे व्हिडिओ बहुतेक व्हेरिएबल फ्रेम रेटचे असतात, म्हणजे सेकंदाला किती चित्रं हे बदलत राहतं. सुरुवातीला ओठ नि आवाज जुळतात आणि शेवटी सरकतात. तसं झालं तर हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घे, पण कापायच्या आधी.

अर्धवट_एडिटर:
भाऊ दिसला!!! छोट्या छोट्या टेकड्या आहेत पण आहेत. काका, तुमचं आधी वाचायला हवं होतं, ४० कट मारून झालेत आणि शेवटच्या ओवाळणीत ओठ सरकलेत. आज रात्री परत पहिल्यापासून. आत्याला सांगितलंय लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय.