हार्डवेअर वॉलेट जोडण्यासाठी स्वतंत्र संगणक हवाच का?

कोथरूडकर
ज्या संगणकाला हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची गुप्त किल्ली जपणारे छोटे उपकरण, जोडायचे, त्यावर दुसरे कोणतेही काम होता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. ज्या लॅपटॉपवर मुलांचे गेम, कुठून कुठून उतरवलेली सॉफ्टवेअर आणि ब्राउझरची डझनभर एक्स्टेन्शन्स सुखाने नांदतात, त्याच्यासमोर आयुष्यभराची पुंजी उघडणे मला पटत नाही. एखादा जुना लॅपटॉप घ्यावा, त्यावर लिनक्स नव्याने टाकावे, वॉलेटचे सॉफ्टवेअर निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून उतरवून त्याची डिजिटल स्वाक्षरी तपासावी आणि तो लॅपटॉप फक्त याच कामाला वापरावा. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्येही लेजर या वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचे बनावट अ‍ॅप शिरले होते आणि त्यात अनेकांचे बिटकॉइन गेले.

हिंजवडी फेज 2
असहमत. आपण दिलेले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. बनावट अ‍ॅप चालते ते माणसाने वॉलेट परत मिळवण्याचे आपले 24 शब्द (सीड फ्रेज) कीबोर्डवर टाइप केल्यामुळे, आणि ते शब्द कोऱ्या लॅपटॉपवर टाइप केले तरी जायचे ते पैसे जातातच. सीड फ्रेज फक्त उपकरणावर भरायची असते.

मुळात संगणक विश्वासार्ह नाही, हे गृहीत धरूनच हे उपकरण बनवलेले आहे. संगणक व्यवहाराचा मसुदा तयार करून यूएसबीवरून पाठवतो, उपकरण पत्ता आणि रक्कम स्वतःच्या पडद्यावर दाखवते, आपण बटण दाबल्यावर आतल्या आत स्वाक्षरी करते आणि बाहेर येते ती केवळ स्वाक्षरी. प्रायव्हेट की, म्हणजे पैसे खर्च करण्याची ती गुप्त किल्ली, बाहेर येतच नाही. म्हणून खरे काम त्या बोटभर पडद्यावर आहे. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना गुपचूप बदलणारे मालवेअर जुनेच आहे. ‘बीसी1क्यू’ने सुरू होणारा बिटकॉइनचा पत्ता सहसा 42 अक्षरांचा असतो आणि लहान पडद्यावर तो तुकड्यातुकड्याने दिसतो, त्यामुळे पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून बटण दाबण्याचा मोह होतो. नेमकी तीच अक्षरे जुळणारे पत्ते मुद्दाम तयार केले जातात.

जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्सचेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलर गेले. तिथे स्वाक्षरी करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होतीच. कंपनीच्याच म्हणण्यानुसार, संगणकावर दिसत होता तो व्यवहार एक आणि स्वाक्षरी झाली ती भलत्याच व्यवहारावर. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या दुसऱ्या एक्सचेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेही साधारण याच वाटेने.

सदाशिव पेठ, मागचा जिना
वाद केबलवरून आहे, तर केबलच काढून टाका. क्यूआर कोडवर किंवा मेमरी कार्डवर चालणारी वॉलेट मिळतात. ज्यांना केबलच हवी, त्यांनी निदान तपकीर गल्लीतून आणलेली फक्त चार्जिंगची केबल लावून ‘उपकरण दिसत नाही’ म्हणून घरभर बोंब मारू नये. तिच्यात डेटाच्या तारा नसतात.

हिंजवडी फेज 2
क्यूआर कोडमधूनही चुकीचा पत्ता येऊ शकतो, आणि तो पुन्हा पडद्यावरच वाचावा लागतो. केबल काढल्याने डोळ्यांचे काम कमी होत नाही.

कोथरूडकर
पडद्याचा मुद्दा मान्य आहे, परंतु आपण सारी चर्चा चोरीपुरतीच ठेवली आहे. वॉलेट जोडले, की संगणकावरील सॉफ्टवेअरला एक्सपब, म्हणजे खात्याची सार्वजनिक किल्ली, मिळते. तिच्यातून पैसे काढता येत नसले, तरी त्या खात्याचे सगळे पत्ते आणि सगळी शिल्लक दिसते. रोजच्या लॅपटॉपवर मालवेअर असेल, तर नाव, फोन नंबर आणि ही रक्कम एकाच ठिकाणी मिळते. 2020 मध्ये लेजरच्या सुमारे 2 लाख 70 हजार ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन नंबर फुटले. त्यानंतर लोकांना धमकीचे ईमेल आले आणि काहींच्या घरी टपालाने बनावट उपकरणेही पोहोचली. आपल्याकडे किती आहे हे कोणाला कळावे, हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे.

हिंजवडी फेज 2
हा मुद्दा वजनदार आहे. तरीही त्यावर कोरा लॅपटॉप हा अर्धाच उपाय आहे, कारण शिल्लक दाखवण्यासाठी अधिकृत सॉफ्टवेअर आपले पत्ते कंपनीच्या सर्व्हरला कळवतेच. शिवाय सहा महिने कपाटात पडलेला लॅपटॉप जोडण्याआधी त्याचे राहिलेले सगळे अपडेट करावे लागतात, आणि घाईत ते कोणी करत नाही. सर्व्हरला काहीच कळू द्यायचे नसेल, तर स्वतःचा बिटकॉइन नोड, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंद स्वतः ठेवून तपासणारा संगणक, चालवावा. मात्र व्यवहारांची ती संपूर्ण साखळी (ब्लॉकचेन) साठवायला 600 जीबीहून अधिक जागा लागते, तेव्हा आपल्या त्या जुन्या लॅपटॉपची डिस्क आधी बदलावी लागेल.